नसलेल्या पुस्तकाची नोंद

हल्ली विद्यार्थी मोबाइलला विचारून संदर्भसूची बनवून आणतात. त्या यादीत कधी कधी अशी पुस्तकं निघतात, की जी कुणी लिहिलीच नाहीत. लेखक खरा, प्रकाशक खरा, पुस्तक हवेतलं. गाइड लोक कपाळाला हात लावतात आणि काय जमाना आलाय म्हणतात. मी मान हलवते आणि गप्प बसते. कारण मोबाइलच्या कितीतरी आधी, इथं नांदेडात, ह्या माझ्या दोन हातांनी असंच एक पुस्तक मी जन्माला घातलं होतं. आणि ते चांगलं वीस-बावीस वर्षं जगलं.

मी सुनंदा वाघमारे. माहेर लातूर, सासर नांदेड. लातूरला गंजगोलाईच्या मागं एका इन्स्टिट्यूटमध्ये टायपिंग शिकले, लग्न होऊन इकडं आले आणि विद्यापीठाच्या रस्त्यावर दुकान टाकलं. पाटीवर 'सर्व प्रकारचे टायपिंग' लिहिलेलं आहे, पण मी मुख्यतः पीएचडीचे प्रबंध करते. ते कापडी बांधणीचं, सोनेरी अक्षरांचं जाडजूड प्रकरण तुम्ही कुणाच्या तरी दिवाणखान्यात पाहिलं असेल. डॉक्टर होतात ते लोक, मी आपली वाघमारे ताईच आहे अजून. त्याचं मला काही वाटत नाही. उलट एखादे डॉक्टर 'तळटीप कुठं द्यायची हो ताई?' असं विचारतात तेव्हा मनातून बरं वाटतं.

बाहेरच्याला वाटतं, ह्यात काय, बोटं बडवायची. अहो, बोटं तर कुणीही बडवील. खरं काम शेवटच्या वीस-पंचवीस पानांत असतं, त्याला संदर्भसूची म्हणतात. कुणाचं काय कुठून घेतलं, त्याचा पत्ता. आधी आडनाव, मग नाव, मग पुस्तक, प्रकाशक, गाव, साल. आणि तळटीपेत पान. हा पत्ता असा पाहिजे की वाचणाऱ्यानं उठावं आणि थेट त्या पानावर जाऊन उभं राहावं. पत्ता चुकला की पाहुणा भलत्याच दारात.

एकदा बिलोलीचे एक सर लोकगीतांवरचा प्रबंध घेऊन आले. एकच पुस्तक लागोपाठ आलं की दुसऱ्यांदा नुसतं 'तत्रैव' लिहितात, म्हणजे 'वरचंच'. ह्यांनी छपाईला जायच्या आदल्या दिवशी माझ्या नकळत मध्येच एक टीप घुसवली, ज्वारीच्या सुधारित वाणांच्या सरकारी पत्रकाची. झालं! त्याच्या खालचे सगळे 'तत्रैव' त्या पत्रकाला जाऊन चिकटले. हळदीची गाणी, पाळणे, जात्यावरच्या ओव्या, सगळं ज्वारीच्या पत्रकातून घेतल्याचं दिसायला लागलं. मी बांधणीवाल्याकडून प्रती परत आणल्या आणि सरांना असं काही बोलले की ते दोन दिवस दुकानाकडं फिरकले नाहीत.

दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "ताई, यादी लई बारीक दिसून राहिली. जरा भरा की चार-दोन पुस्तकं." मी म्हटलं, "मी काय किराणा दुकान टाकलंय? तुम्ही वाचा, मी भरते." एकाला त्याच्या गाइडची पुस्तकं यादीत सगळ्यात वर पाहिजे होती. गाइड होते हंबर्डे सर. 'ह' शेवटी येतो, त्याला मी काय करू? तो घाबरून गेला, म्हणाला, "सर काय म्हणतील?" मी म्हटलं, "सर मराठी बाराखडी शिकलेत, काही म्हणत नाहीत." हे हंबर्डे सर पुढं लागणार आहेत, म्हणून नाव सांगून ठेवते. मोठे गाइड, इतिहासाचे. त्यांचा स्वतःचा प्रबंधसुद्धा मीच टाइप केलेला, दुकान नवीन होतं तेव्हा.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. विद्यार्थी येतो तो आधी मंजूर झालेला एक प्रबंध काखेत मारूनच येतो. टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, "ताई, अगदी असंच करा." समास तसाच, ठसा तसाच, ऋणनिर्देशातले अश्रूही तसेच. आणि विषय जवळचा असला तर म्हणतो, "ही यादी तुमच्याकडं हायच की. तीच उचला, माझी दोन-चार मधी टाका." मीही उचलायचे. मंजूर झालेली यादी आहे, मोठ्या सरांची आहे, तिच्यात काय खोट असणार? मराठवाड्याचे बाजार, पेठा, व्यापार असा विषय आला की हंबर्डे सरांची यादी उचलायची हे ठरलेलंच होतं. किती जणांसाठी उचलली, ते मी मोजलेलं नाही आणि आता मोजायची हिंमतही नाही.

मग बशीर आले. बशीर शेख, औशाचे. मुखेडच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायचे, म्हणजे वर्गात तास घेतला तेवढाच माणूस, नोकरी अशी नाहीच. पदवी हातात आली तर मुलाखतीला उभं राहता येणार होतं. वय चाळिशीला टेकलेलं, नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झालेली, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. महिनाअखेरीच्या आत गाइडची सही होऊन प्रबंध जमा झाला तर ठीक, नाहीतर सहा वर्षं पाण्यात. विषय होता आठवडी बाजार. गाइड हंबर्डे सरच.

ह्या माणसानं यादी आणली ती वेगळीच. प्रत्येक पुस्तकामागं त्याच्या पहिल्या पानाची झेरॉक्स टाचलेली. मी म्हटलं, "बशीर सर, एवढं कशाला? कोण बघतंय?"

"ताई, माझा बाप बाजारात बांगड्या विकायचा. बाईच्या हातात भरून दाखवल्याबिगर बांगडी खपत न्हाई."

"मग ही एक अशी कोरी का?" मी विचारलं. एका नोंदीमागं झेरॉक्स नव्हती. नोंद होती: निटूरकर, ग. म., 'मराठवाड्याच्या पेठा आणि करपद्धती', हैदराबाद.

बशीर खुर्चीत मागं रेलले. "तीच तर गंमत हाय. सापडून नाही राहिलं. नांदेड झालं, लातूर झालं, हैदराबादला दोनदा जाऊन आलो. निटूरकरांचं 'मराठवाड्याच्या पेठा आणि कारागीर' मिळालं, ही काय झेरॉक्स. पण करपद्धती कुठंच न्हाई. सगळ्यांच्या प्रबंधात हाय, कपाटात कुणाच्याच न्हाई."

"सरांना विचारलं?"

"विचारलं की. म्हणले, 'तो दुसरा भाग. मी स्वतः वाचलाय. निळं मुखपृष्ठ होतं.'"

"मग टाका गाळून. एका पुस्तकानं काय बिघडतंय?"

"सर म्हणून राहिले, बाजारावरचा प्रबंध अन् त्यात निटूरकरांचं करपद्धती न्हाई, असं कसं चालंल? ते घातल्याबिगर सही करत न्हाई म्हणले. आता घातलं तर मी न वाचलेलं पुस्तक वाचलं म्हणून लिहायचं. कसं लिहू ताई?"

मला खरं तर राग आला. एवढी सत्यवादी माणसं माझ्या टेबलावर आली की काम तुंबतं. पण पुढं त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून मी कीबोर्डवरचे हात काढले. बशीर लातूरला निटूरकरांच्या घरी जाऊन आले होते. निटूरकर वारून पुष्कळ वर्षं झाली, घरात त्यांच्या लेक शारदाबाई असतात, सत्तरीच्या. ह्यांनी करपद्धतीचं नाव काढलं, तशी बाई रडायला लागली. दर वर्ष-दोन वर्षांनी कुणीतरी अभ्यासक येतो आणि अण्णांचं, म्हणजे वडलांचं, ते पुस्तक मागतो. घरात कुणालाच त्याची माहिती नव्हती. अण्णा गेल्यावर घर बदललं तेव्हा ह्या बाईनंच दोन पोती कागद रद्दीत घातले होते. त्यातच अण्णांचं पुस्तक गेलं, जगातली शेवटची प्रत आपण रद्दीत घातली, असं धरून ती माउली बसली होती. दिवाळीला माळा झाडताना अजून एकदा शोधते म्हणे.

बशीर गेले. माझ्या डोक्यात मात्र एकच किडा वळवळायला लागला. निटूरकर पक्के लातूरचे, त्यांचं कारागीरवालं पुस्तक लातुरात छापलेलं. मग हे दुसरं हैदराबादला कसं गेलं?

माझ्याकडं एक लोखंडी ट्रंक आहे. पूर्वी एका गिऱ्हाइकानं स्वतःची चूक माझ्या नावावर खपवली होती, तेव्हापासून प्रत्येकाचं हस्तलिखित मी जपून ठेवते. पुन्हा कुणी बोललं तर तोंडावर कागद मारता यावा म्हणून! त्या ट्रंकेत तळाशी हंबर्डे सरांची यादी निघाली, त्यांच्या सुरेख अक्षरातली. मी चष्मा लावून वाचली.

एका ओळीत होतं, 'ग. म. निटूरकर, मराठवाड्याच्या पेठा आणि'. तिथं कागद संपला, म्हणून खालच्या ओळीत 'कारागीर, लातूर'. त्याच्या खाली दुसरंच पुस्तक, 'श्री. वा. डोणगावकर, संस्थानातील दळणवळण आणि'. आणि खालच्या ओळीत 'करपद्धती, हैदराबाद'. दोन्ही ओळी 'आणि'वर संपलेल्या. पहिल्या 'आणि'वरून माझी नजर उतरली ती दुसऱ्याच्या खालच्या ओळीवर. मधल्या दोन ओळी मी गिळल्या. दोन माणसांच्या दोन खऱ्या पुस्तकांचं मी एक खोटं पुस्तक केलं. बिचारे डोणगावकर तर यादीतून कायमचे गेले, त्यांचं कुणी नावही काढलं नाही.

खोटं कशाला बोलू, पहिला विचार आला तो कागद फाडून टाकायचा. कुणाला कळणार होतं? माझ्या कामात चूक नसते, असं मी साऱ्या रस्त्याला ऐकवत आले होते. पण मग ती लातूरची बाई माळ्यावर चढलेली दिसायला लागली. माझ्या एका चुकलेल्या नजरेपायी कुणाची तरी लेक वीस वर्षं स्वतःला कोसत बसली होती. मला रडू आलं, आणि स्वतःचा रागही आला.

सकाळी बशीर येताच कागद त्यांच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. म्हटलं, "घाला शिव्या."

ते कितीतरी वेळ कागद बघत राहिले. मग हसले. "सहा महिने फिरलो ताई ह्याच्या मागं. शिव्या कशाला? न्हाई हाय हे कळलं, हेच लई झालं." आणि थांबून म्हणाले, "ह्याची तळटीप देऊ का?"

"कशाची?"

"हेच. की असं पुस्तक न्हाई. नोंद कशी तयार झाली ते. नुसतं गाळलं तर पुढचा माणूस पुन्हा हैदराबादला जाणार, पुन्हा त्या बाईच्या दारात जाणार."

"माझं दुकान बंद पाडता का?" मी उसळलेच. पण बोलतानाच कळत होतं, की देणार आपण ही टीप. "द्या," म्हटलं, "पण आधी सरांना सांगायला मी येते."

हंबर्डे सरांच्या घरी गेलो. मी कागद पुढं केला. "सर, तुम्ही बरोबर लिहिलं होतं. चूक माझी आहे." सरांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"शेवटची प्रुफं मी तपासली होती," ते हळूच म्हणाले.

"हो सर."

"आणि नंतर माझ्या विद्यार्थ्यांच्याही..." बशीरनी तळटीपेचं काढलं, तसे सर ताठ झाले. "टीप नको. नोंद गाळा आणि विषय संपवा. मी पुढल्या वर्षी निवृत्त होतोय. लोक मला हसतील."

"सर, गाळलं तर..."

"बघू," सर म्हणाले आणि कागद ठेवून घेतला. मोठ्या माणसाचं 'बघू' म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मुदतीला आठ दिवस होते. त्यातले सहा गेले. बशीर रोज मुखेडच्या एसटीनं यायचे, सरांकडं जायचे, सर घरी नाहीत असं ऐकून माझ्या दुकानात येऊन बसायचे. दाढी वाढली, बोलणं कमी झालं. एक दिवस मीच म्हटलं, "अहो, सोडा तो हट्ट. सही घ्या आणि मोकळे व्हा. माझ्या चुकीपायी तुमचं नुकसान नको."

"बापानं तडकलेली बांगडी कधी विकली न्हाई ताई," एवढंच म्हणाले.

सातव्या दिवशी दुपारी हंबर्डे सर स्वतः दुकानात आले. हेल्मेट हातात, घामाघूम. बशीर उठून उभे राहिले. सर त्यांच्याकडं न बघता मला म्हणाले, "लातूरला जाऊन आलो. शारदाबाईंकडं."

"काय म्हणाल्या?"

"मी सांगितलं, असं पुस्तक नव्हतंच. आधी त्यांचा विश्वास बसेना. मग हा कागद दाखवला. मग पुष्कळ रडल्या." सर खाली बसले. "मला म्हणाल्या, 'म्हणजे माझ्या हातून गेलं नाही ना?' तीनदा विचारलं त्यांनी. आणि मग चहा केला."

सरांनी तो कागद माझ्या टेबलावर ठेवला. "टाइप करा ती टीप. प्रुफं तपासण्यात चूक झाली असं लिहा, आणि माझं नाव टाका."

"तुमचं कसं? टाइप मी केलं. माझं टाका."

"तुम्ही टंकलेखन केलं. प्रबंध माझा होता. जबाबदारी माझी."

"ओळी मी गिळल्या, सर!"

"आणि गिळलेल्या मला दिसल्या नाहीत!"

आमचं भांडण चांगलंच जुंपलं. शेवटी बशीर म्हणाले, "दोघांचंबी टाकतो की. कोन कमी न्हाई." तेव्हा कुठं आम्ही गप्प झालो. मी बसले टाइप करायला. अर्ध्यावर थांबले आणि तोंडातून निघून गेलंच, "सर, ते निळ्या मुखपृष्ठाचं पण घालायचं का?"

सर लाल झाले. "ते गाळा," म्हणाले, आणि प्रिंटरच्या डोक्यावर प्रबंधाचा सहीचा कागद ठेवून सही केली. दुसऱ्या दिवशी प्रबंध जमा झाला, तोच मुदतीचा शेवटचा दिवस.

पण पदवी अजून दूर होती. काही महिन्यांनी मौखिक परीक्षा लागली. त्या दिवशी बाहेरचे परीक्षक येतात, प्रश्न विचारतात आणि मग पदवीची शिफारस करतात किंवा करत नाहीत. कुणीही जाऊन बसू शकतं. एवढ्या वर्षांत मी एकाही परीक्षेला गेले नव्हते. ह्या एकीला गेले, शेवटच्या रांगेत बसले. परीक्षक दूरच्या विद्यापीठातले, भारदस्त, पांढऱ्या केसांचे. तासभर चांगले प्रश्न झाले. बशीर छान बोलले, जनावरांच्या बाजारापासून बांगड्यांच्या पालापर्यंत. मग परीक्षकांनी प्रबंध उघडून एका पानावर बोट ठेवलं.

"ही तळटीप," ते म्हणाले आणि ती मोठ्यानं वाचायला लागले. माझं नाव त्या सभागृहात त्यांच्या तोंडून आलं, तेव्हा मी पुढच्या माणसाच्या पाठीआड सरकले. वाचून झालं. त्यांनी प्रबंध मिटला. "म्हणजे हे पुस्तक अस्तित्वातच नाही, असं तुमचं म्हणणं आहे?"

"हाव, सर," बशीर म्हणाले. इतका वेळ पुस्तकी मराठी बोलणारा माणूस, घाबरून औशावर आला. "न्हाईच, सर."

"हे मी माझ्या प्रबंधात दिलंय," परीक्षक म्हणाले.

हंबर्डे सर वरच्या पंख्याकडं बघायला लागले. बशीरचा चेहरा पांढरा पडला. मी मनात म्हटलं, सुनंदे, तू ह्या पोराचं वाटोळं केलंस.

"अवतरणासकट दिलंय," परीक्षक सावकाश पुढं म्हणाले. "निटूरकरांचं अवतरण हंबर्डे सरांच्या प्रबंधातून उचललं, पुस्तक त्यांच्या यादीतून. पान क्रमांक मात्र माझ्या मनचा." आणि ते हसायला लागले. आधी थोडं, मग खांदे हलवून. मग हंबर्डे सर हसले, मग सारं सभागृह. हसणं ओसरल्यावर परीक्षक उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्यापैकी कुणीच जे केलं नाही, ते ह्या माणसानं केलं. पुस्तक शोधायला गेला. मी पदवीची शिफारस करतो." बशीरनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी तर उघड उघड रडत होते, कोण बघतंय त्याची पर्वा न करता.

नंतर चहाच्या वेळी परीक्षक कप घेऊन माझ्याजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "वाघमारे ताई तुम्हीच ना? माझा प्रबंध आमच्या ग्रंथालयात आहे अजून. पोरं वाचतात. आता काय करावं?"

"शुद्धिपत्र चिकटवायचं, सर. दोन ओळींचं काम. आत्ता टाइप करून देते," मी म्हटलं. "फक्त तुमच्या प्रबंधात ते कुठल्या पानावर आहे तेवढं सांगा. पण ह्या वेळी बघून सांगा."